जॉनी पुन्हा लोळून आला

२२ सप्टेंबर, रविवार

"ह्या घरात नांदूचां आसा तर नाक उंबऱ्याभायर ठेवन ये, गो."

लग्न होऊन मोरजीला आले त्या संध्याकाळी सासूबाई मला हे म्हणाल्या होत्या. मी डिचोलीच्या बाजारात वाढलेली. आमच्याकडे दूध पिशवीतून यायचं. इथे स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून गोठा, गोठ्यात काशी आणि गोमती, आणि सगळ्या घरावर शेणाचा, पेंडीचा, ओल्या गवताचा वास. मी शालूचा पदर नाकाशी नेला असणार. आई रागावल्या नव्हत्या, हसल्याही नव्हत्या. पाटावर बस म्हणावं तितक्या सरळपणे सांगून त्या धार काढायला गेल्या.

आज ते आठवायचं कारण, रंगारी काम संपवून गेले. मी दोन नंबरच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि मुद्दाम जोराने श्वास घेतला. नव्या रंगाचा वास, बाकी काही नाही. हा गोठा होता हे सांगूनही कुणाला पटणार नाही. पांढऱ्या टाइल्स, उजेडाला जाळीचं जनेल, बाथरूममध्ये गरम पाणी. शाळेच्या वाचनालयातली माझी नोकरी गेल्यापासून हे डोक्यात होतं. वैशाखात आई गोठ्यात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि सर्वेशने आठवड्याभरात दोन्ही म्हशी साळ गावात विकून टाकल्या. (समोर मी त्याला 'तुम्ही' म्हणते, पण वहीत इतका मान देत बसले तर लिहिणं पुढे जाणार नाही.) तो काणकोणच्या हॉटेलात हिशेब बघतो, शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. "जागा मोकळी झालीच आहे तर तुझ्या खोल्या करूया," असं तोच म्हणाला.

आईंना वॉकर धरून खोली दाखवली. त्यांनी दारातून बघितलं. "बरी झाली," म्हणाल्या. आत आल्या नाहीत. आमचा कुत्रा जॉनी मात्र आला, मधोमध उभा राहिला, चारी भिंती हुंगल्या आणि बाहेर गेला.

३० सप्टेंबर

पहिले पाहुणे आले. बंगळूरचं जोडपं, योगासाठी आलेलं. मी सकाळपासून गवती चहाच्या जुड्या दोन्ही खोल्यांत टांगल्या होत्या. पोदेराकडून पावाचे जास्तीचे उंडे घेतले, काजूगराची उसळ केली. दोघं बाहेर सोप्यावर बसून खात होती, तेवढ्यात जॉनी किनाऱ्यावरून परतला.

रापणीतले टाकून दिलेले बांगडे कुठेतरी उन्हात कुजत असणार, त्यांत लोळून आला. मानेपासून पाठीपर्यंत चमकत होता. शेपूट हलवत थेट त्या बाईंच्या पायांशी गेला, जणू काही बक्षीस आणलंय. बाईंनी ताट तिथेच ठेवलं. नंतर "इट्स ओके" म्हणाल्या, पण ताट परत उचललं नाही.

आईंनी काठीने जॉनीला ढकललं. "चल हाड्. ह्या काय हाडलंस मेल्या." मी त्याला विहिरीवर नेऊन दोनदा साबण लावला.

पहिलाच दिवस. मी आत जाऊन थोडी रडले. मग उसळ गरम केली आणि पुन्हा वाढली.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. बंगळूरची मंडळी एक दिवस आधीच गेली. बाकी काही नाही.

८ ऑक्टोबर

जॉनी पुन्हा लोळून आला, पण यावेळी शेणात. मागच्या वाड्यात सखाराम अजून तीन म्हशी राखून आहे, तिथलंच असणार. दुपारी मी जरा आडवी झाले होते, उठून बघते तर आई मागच्या सोप्यावर बसलेल्या आणि हा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून. त्यांचं लुगडं हिरवं झालेलं. त्यांचा हात त्याच्या मानेवर.

"आई, तुम्हांला वास येत नाही?"

"कसलो?"

 वयाने नाक जात असेल. डॉक्टरांना विचारायला हवं. माझी मावशीही शेवटी शेवटी अशीच झाली होती, जळालेलं दूध तिला कळायचं नाही.

शॅम्पूची बाटली घेऊन आले तर आई म्हणाल्या, "आज नको. सांज जाली. उद्या न्हाणय." चार वाजले होते, चांगलं ऊन होतं. पण मी वाद घातला नाही.

रात्री त्यांनी पेज मागून घेतली. नव्या तांदळाची होती, सोबत कैरीचं लोणचं. कितीतरी दिवसांनी पुरती वाटी संपवली. नव्या तांदळाने तोंडाला चव येते म्हणतात, ते खरं दिसतंय.

९ ऑक्टोबर

सकाळी जॉनीला नारळाच्या शॅम्पूने न्हाऊ घातलं, पुसून कोरडं केलं. तासाभरात पुन्हा हिरवा. मला त्याचा राग येत नाही, माझ्या मेहनतीचा येतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सर्वेश दुपारीच आला. मोबाइलवर बंगळूरच्या बाईंनी लिहिलेलं दाखवलं. खोली सुंदर, नाश्ता सुंदर, यजमानीण मनमिळाऊ, "परंतु कुत्र्याचा असह्य दर्प". मनमिळाऊ वाचून मला बरं वाटलं आणि असह्य वाचून ते गेलं.

सोनं वाटून झाल्यावर तो आईंसमोरच म्हणाला, "माझा एक मित्र आहे इब्रामपूरला, गोकुळदास. काजूची मोठी बागायत. त्याला राखणीला कुत्रा हवाय. जॉनी तिथे सुखी राहील. हवं तितकं लोळू दे."

मी म्हटलं, "बघू." खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. ही वही खोटं लिहिण्यासाठी नाही.

आई आपट्याचं पान बोटांत धरून बसल्या होत्या. "तो म्हातारो जालो," म्हणाल्या. "नव्या घरात नाय रमूचो."

"तसं काय नाही गे आई. पाच वर्षांचा कुत्रा म्हातारा?"

"कुत्र्याक पाच म्हणजे खूप."

सर्वेश हसला. "मग मी तर कधीच मेलो."

आईही जराशा हसल्या. ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत बघायचं. तोवर आणखी एका पाहुण्याने तक्रार केली तर जॉनी इब्रामपूरला. नाहीतरी नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येऊ लागतील, किनाऱ्यावर मोकळी कुत्री नकोत म्हणून वनखात्याची माणसं सांगत फिरतीलच.

१६ ऑक्टोबर

एक नंबरमध्ये स्नेहा नावाची मुलगी उतरली आहे. बेळगावची, गुरांची डॉक्टर, नुकतीच नोकरीला लागलेली. एकटीच फिरायला आली. मला आधी काळजी वाटली, मग हेवा.

जॉनी शेणाचा होऊन आला तेव्हा मी झाडू घेऊन धावले. ती म्हणाली, "अहो काकी, राहू दे. आमच्या रोजच्या अत्तरापेक्षा बरं आहे."

मी तिला विचारलंच. का करतो हा असं? न्हाऊ घातलं की लगेच? माझ्यावर राग आहे का त्याचा?

"नक्की कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. जॉनीचा कान उलटा करून बघत बोलत होती. "एक म्हणणं असं की शिकारीला जाताना स्वतःचा वास लपवायचा. पण पाळलेल्या लांडग्यांपुढे वेगवेगळे वास ठेवून बघितले, तर ते अत्तरातही लोळले. आता अत्तर लावून कोण लपतं? दुसरं म्हणणं, आपण सेंट मारतो तसंच, आवडतं म्हणून. तुमचा शॅम्पू त्याला घाण वाटत असेल, सांगा काय करणार. आणि काही म्हणतात, ही घरच्यांना बातमी आहे. लांडगा असा माखून आला की बाकीचे त्याला हुंगत बसतात. मी कुठे गेलो होतो, तिथे काय होतं, ते अंगावर घेऊन येतो."

आई सोप्यावरून ऐकत होत्या. "काय सांगता तो?"

स्नेहा मोठ्याने म्हणाली, "कुठे गेला होता ते सांगतो, आज्जी."

"तां माका ठावक आसा," आई म्हणाल्या. आणि जॉनीची मान चोळत, "सखारामान आज गोठो धुवंक नाय. आळशी मेलो."

आम्ही दोघी हसलो. त्यांच्या जिभेची धार अजून शाबूत आहे. नाक गेलं असं म्हणाले होते मी, तर काल त्यांनीच सांगितलं की कालवण लागलंय. म्हणजे कधी येतो वास, कधी नाही. म्हातारपण असंच असावं, दिव्याची वात कमीजास्त होते तसं.

१९ ऑक्टोबर

स्नेहा गेली. जाताना जॉनीला एक चामड्याचा पट्टा भेट देऊन गेली. तक्रार नाही. उलट लिहिलंय, "कुत्रा हा या घराचा खरा मालक आहे." सर्वेशला हे विशेष आवडलं नाही.

२१ ऑक्टोबर

आजपासून जॉनीला बांधून ठेवते. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही खोल्या भरल्या आहेत, मी धोका घेऊ शकत नाही. विहिरीजवळच्या माडाला लांब दोरी बांधली, सावली आहे, पाणी आहे. दुपारभर तो फाटकाकडे बघत बसला. भुंकला नाही.

२३ ऑक्टोबर

आई दोन दिवस नीट जेवत नाहीत. ऑक्टोबरची गर्मी फार आहे. सरबत दिलं, तेही अर्धं. सर्वेशला फोन केला, तो म्हणाला, "गोळी बदलली होती ना, त्याने असेल." असेल.

मागच्या सोप्यावर येऊन बसणंही त्यांनी सोडलंय. खाटेवर भिंतीकडे तोंड करून असतात. ती भिंत पूर्वी गोठ्याची होती, आता पलीकडे पाहुण्यांचा पलंग आहे. काल रात्री कोणीतरी तिकडे जोरात गाणी लावली होती. आईंना विचारलं, त्रास होतो का, मी जाऊन सांगू? म्हणाल्या, "लावूं दे. कोणाचो तरी आवाज येता."

२६ ऑक्टोबर

जॉनी सुटला. दोरीची गाठ सुटलेली होती, तुटलेली नाही. फाटकाची कडीही काढलेली. दोन नंबरवाल्या मुलांना मी कितीदा सांगितलं, कडी लावा म्हणून. मुंबईच्या मुलांना कडीचं महत्त्व नसतं.

दुपारी उठले तेव्हा जॉनी परत आला होता, मागच्या सोप्यावर आईंच्या पायांशी, शेणाने माखलेला. आई बसल्या होत्या, चेहऱ्यावर घाम. बसल्या बसल्या इतका घाम कसा, म्हणून मी पंखा आणला. वॉकरच्या चारी पायांच्या रबरांना शेण लागलं होतं. या कुत्र्याने अंग घासलंय सगळीकडे. धुऊन ठेवला.

रात्री आईंनी दोन तिखट पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. गोळी परत पूर्वीची चालू केली त्याचा गुण.

२८ ऑक्टोबर

वाड्यावरची मुलं नरकासुराचा पुतळा बांधतायत. रद्दी मागायला आली होती. दोन्ही खोल्यांच्या चादरी धुतल्या. कंबर गेली. काही दिवस वाटतं, कशाला हा व्याप? मग संध्याकाळी कोणी पाहुणा म्हणतो, तुमच्याकडे घरी आल्यासारखं वाटलं, आणि मी पुन्हा उद्याच्या भाजीचा विचार करू लागते. आईंना त्यांच्या म्हशींचं असंच होत असेल का?

३१ ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटे नरकासुर जाळले. सर्वेश काल रात्रीच आला आहे. आईंनी खाटेवर बसून माझ्याकडून कारिटं मागवली. पायाखाली चिरडायला एकच लागतं, त्यांनी ओंजळभर मागितली. मी दिली. मोठ्यांची हौस. पाच प्रकारचे पोहे केले, पाहुण्यांना फार आवडले. पुण्याहून एक वयस्क जोडपं दोन नंबरमध्ये आलंय. काका निवृत्त इंजिनियर, काकू अनवाणी हिंडणाऱ्या, "कोकणातल्या मातीला पाय लागू देत" म्हणणाऱ्या.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे मला समजेल.

गोरवांचा, म्हणजे गुरांचा पाडवा. दर वर्षी या दिवशी आई काशी-गोमतीला घासून न्हाऊ घालायच्या, शिंगांना तेल लावायच्या, गळ्यात झेंडूची माळ आणि माळेत ओवलेला तांदळाचा एक पोळा. गोठ्याच्या दारात शेणाचा इवलासा गोठा करायचा, त्यात कारिटांची गुरं, त्यांना काड्यांचे पाय. गुरं नसली तर पाडवा कसला, म्हणून यंदा मी काही ठरवलंच नव्हतं. सर्वेशही बोलला नव्हता.

सातच्या सुमारास दोन नंबरवरून आवाज आला. काकू दार उघडून अनवाणी बाहेर पडल्या आणि त्यांचा पाय शेणात गेला. घसरल्या. काकांनी दंड धरला म्हणून पडल्या नाहीत.

मी धावत गेले आणि बघत राहिले. दोन नंबरच्या उंबऱ्याबाहेर, पांढऱ्या टाइल्सवर, शेणाचा गोठा होता. भिंती, दाव्याची खुंटी, गव्हाण सुद्धा. आत कारिटांच्या दोन म्हशी. एक मोठी, एक लहान. लहान तुडवली गेली होती. झेंडूच्या पाकळ्या.

काका म्हणाले, "अहो, किती सुंदर आहे." मोबाइल काढून फोटो काढू लागले. काकू पाय धुताना हसत होत्या, "मीच बघितलं नाही." तक्रार कोणी केली नाही. पण सर्वेश पांढराफटक पडला होता.

आई आपल्या दाराशी वॉकर धरून उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत हिरवे.

"आई, शेण खंयसून हाडलंस?"

"सखारामाकडसून."

"कोणी दिलां?"

"मियांच हाडलंय."

सखारामाचा गोठा आमच्या मागच्या फाटकापासून लांब नाही, पण वाट शेवाळाची, मध्ये पाण्याच्या पाटावरची फळी. डॉक्टरांनी त्यांना अंगणात उतरायलाही मनाई केली आहे.

"एकटी गेल्लंस?"

"एकटी कित्याक? जॉनी आसता मगे."

'आसता' म्हणाल्या. आज होता, असं नाही.

सर्वेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. खाली बसला आणि टाइल्स पुसू लागला. गोठा मोडू नका म्हणून मी हात पुढे केला, पण तोवर फडकं फिरलं होतं.

नंतर मला म्हणाला, "तू त्या दिवशी माहेरी होतीस. मी रात्री घरी पोहोचलो तेव्हा ती गोठ्यात तशीच पडलेली होती, सुविधा. म्हशी तिच्यावरून पाय न देता कडेला उभ्या होत्या. माका परत तो दीस बघूचो नाय." आणि मग, "जॉनी जाता. तो गेलो काय ती खंय जावची नाय. पुढच्या रविवारी गोकुळदासाकडे सोडतो."

मी हो म्हटलं. काय चूक आहे त्यात? काकू घसरल्या तसं आईंचं झालं असतं तर?

३ नोव्हेंबर, भाऊबीज

सर्वेश बहिणीकडे ओवाळून घ्यायला गेला. मी सखारामाकडे गेले. शेण दिलंत तर निदान मला विचारायचं तरी, असं काही बोलायला. जाताना पाटाच्या फळीवर माझाच पाय डळमळला.

सखारामाची सून रेश्मा गोठ्यात होती. मला बघून घाबरली. "वहिनी, आई बऱ्या आसत मगे?"

म्हटलं, बऱ्या आहेत. किती दिवस येतात त्या इथे?

तिने तोंडावर हात ठेवला. "तुमका ठावक नाय? मिया समजलंय, तुम्हीच धाडतात. जॉनी पुढे, आई मागसून. फळीर त्यो येवच्या आदी जॉनी थांबता, वळान बघता. तुम्ही निजलात काय येतत."

"इथे येऊन काय करतात?"

"काय नाय. थंय बसतत." तिने उलटं घातलेलं एक घमेलं दाखवलं, वर दुमडलेलं पोतं. "धारेक उकिडवां बसूक जमणा नाय तेंका. बसून बघतत. जॉनी शेणात लोळता, आणि ह्यो हासतत. म्हणतत, लोळ रे झिला, माझ्या वाट्याचां पण लोळ."

मी त्या घमेल्यावर बसले. रेश्माने चहा आणला. सखारामाची म्हैस माझ्या पदराचं टोक चघळत होती. परतायला मला उशीर झाला. 

४ नोव्हेंबर

ही वही मागे जाऊन वाचली. नवा तांदूळ. गोळी. गर्मी. मुंबईची मुलं. सगळं लिहिलेलं होतं आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. दोरीची गाठ आईंनी सोडली. कडी आईंनी काढली. मी जॉनीला न्हाऊ घालत नव्हते, आईंचा गोठा धुऊन टाकत होते.

जॉनी का लोळतो, ते मला अजून माहीत नाही. त्याला सेंट मारल्यासारखं वाटत असेल, आईंसाठी करत असेल असं मी म्हणणार नाही. पण तो घरी येतो तेव्हा त्याला हुंगणारं कोणीतरी घरात आहे, एवढं खरं.

६ नोव्हेंबर

पुण्याचे काका-काकू गेले. दुपारी मी आडवी झाले नाही. आईंजवळ जाऊन बसले.

"रविवारी जॉनी जाणार. तुम्हांला सांगितलं ना त्यांनी?"

"सांगला."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"काय बोलूं? झिलाक भंय वाटता." मग चादर सारखी करत, "तेचां खरां आसा. मिया पडलंय तेव्हा तो रडलो. लहान असताना पण इतको रडूक नाय."

"आणि तुम्ही?"

"मियां काय?" त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मगे तुझ्यो खोल्यो बऱ्यो चलतत. लोक येतत. घरात आवाज आसा. माका बरां वाटता, गो."

ते खरंच बोलत होत्या. तेच मला जास्त लागलं. त्यांनी रागाने काही म्हटलं असतं तर मी भांडले असते, माझ्या चादरी, माझी कंबर, सगळं काढलं असतं.

म्हटलं, "चला. मी हात धरते. फळीवर मी पुढे."

"आता नको. सर्वेशाक कळलां तर तुका बोलात." आणि मान वळवून घेतली.

जॉनी माडाशी बांधलेला होता. मी गेले, गाठ सोडली, फाटक उघडलं. तो एकदा आईंच्या खिडकीकडे बघून, थांबून, मग एकटाच गेला. अर्ध्या तासाने आला. मी त्याला आईंच्या खाटेपर्यंत जाऊ दिलं. आतल्या खोलीत, धुतलेल्या चादरीपर्यंत. आईंनी हात खाली सोडला. दार लोटून मी स्वयंपाकघरात आले आणि बराच वेळ भात बघत उभी राहिले. भात झालेला होता.

९ नोव्हेंबर, शनिवार

सर्वेश रात्री येईल. उद्या सकाळी इब्रामपूर. जॉनीचा पट्टा आणि पाण्याचं भांडं बाजूला काढून ठेव, असा निरोप आला आहे. ठेवलं आहे.

मी त्याच्याशी काय बोलणार, ते इथे आधी लिहून बघते. तोंडी बोलायला गेले की मी नेहमी निम्म्यावर येते.

तो काय म्हणेल ते मला पाठ आहे. म्हणेल, बुकिंग नाताळ ओलांडून आहेत. म्हणेल, त्या टाइल्स तूच निवडल्यास. म्हणेल, आई पुन्हा पडली तर? आणि यातलं एकही खोटं नाही. तो कंजूष नाही, कठोर नाही. त्याने आईला शेणात पडलेली बघितली आहे, मी नाही. म्हणून तो नाही म्हणेल, आणि तो नाही म्हणाला की मला रागही येणार नाही. कदाचित आई स्वतःच मध्ये पडतील, "नको गो, कित्याक उगाच," म्हणतील. म्हणजे नकार दोघांकडून.

तरी उद्या सकाळी, गाडी काढायच्या आधी, मी त्यांना म्हणणार आहे:

अहो, जॉनीला नेऊ नका. आणि एक नंबरची खोली मला पुरे आहे. दोन नंबरच्या टाइल्स उपटूया, खाली खडबडीत कोबा घालूया, भिंतीला धरायला दांडा लावूया, आणि साळला जाऊन दोघींपैकी जी मिळेल ती एक म्हैस परत आणूया. आई नुसत्या बसतील, त्यांना मी उठूही देणार नाही. शेण मी काढेन. धार मला येत नाही, ती आई बसल्या जागेवरून शिकवतील.